प्रोबेट: मृत्युपत्र हातात आल्यापासून वाटणी होईपर्यंत

घरातलं माणूस गेल्यावर सुरुवातीचे दिवस कसेबसे जातात. मग बँकेच्या काउंटरवर, सोसायटीच्या ऑफिसात किंवा एखाद्या काकांच्या तोंडून एक शब्द ऐकू येतो: प्रोबेट. तो ऐकला की बहुतेकांच्या पोटात गोळा येतो, कारण त्याच्यापाठोपाठ वर्षानुवर्षांच्या कोर्टाच्या चकरांचे किस्सेही येतातच. ही भीती अगदीच खोटी नाही, पण अर्धवट आहे. घरात भांडण नसेल आणि कागद नीट जमवलेले असतील तर प्रोबेट सहसा फारसं अडत नाही. अडतं ते साक्षीदाराचा पत्ता लागत नाही म्हणून, धाकट्या बहिणीला कुणी कळवलंच नव्हतं म्हणून, किंवा अर्ज दाखल झाल्यावर गावाकडचा विसरलेला प्लॉट कुणाला तरी आठवतो म्हणून. ही तिन्ही कामं घरातली आहेत आणि ती कोर्टात जाण्याआधी करायची आहेत. पुढे जे लिहिलं आहे ते भारतातल्या कायद्याप्रमाणे आणि महाराष्ट्रातली पद्धत डोळ्यांसमोर ठेवून.

प्रोबेटने काय होतं, काय होत नाही

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 हा यातला मूळ कायदा. त्यानुसार प्रोबेट म्हणजे कोर्टाच्या शिक्क्यानिशी दिलेली मृत्युपत्राची प्रमाणित प्रत, आणि त्यासोबत त्या माणसाच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा अधिकार. हा अधिकार मिळतो एक्झिक्युटरला, म्हणजे ‘माझ्यामागे हे सगळं अमक्याने पार पाडावं’ असं ज्याचं नाव मृत्युपत्रात लिहिलेलं असतं त्याला. तो वारसांपैकी असू शकतो, बाहेरचा विश्वासू माणूसही असू शकतो.

कोर्ट इथे मोजक्याच गोष्टी तपासतं. हे शेवटचं मृत्युपत्र आहे का, त्यावरची सही खरी आहे का, दोन साक्षीदारांसमक्ष ते रीतसर झालं का, करणाऱ्याची मनःस्थिती त्या वेळी ठीक होती का आणि त्याने ते आपल्या मर्जीने केलं का. घर नक्की कुणाच्या मालकीचं होतं, हे प्रोबेटचं कोर्ट ठरवत नाही. वडिलांनी ‘माझा फ्लॅट थोरल्याला’ असं लिहून ठेवलं, पण करारनाम्यावर आईचंही नाव आहे आणि निम्मे पैसे तिने भरले आहेत, तर प्रोबेट मिळाल्याने आईचा हिस्सा थोरल्याकडे जात नाही. वडिलांचा जेवढा होता तेवढाच जातो. हे आधीच समजून घेतलं तर घरातले निम्मे गैरसमज टळतात.

मृत्युपत्र आहे पण एक्झिक्युटरचं नावच नाही, किंवा तो हयात नाही, किंवा त्याने नकार दिला, तर प्रोबेट मिळत नाही. अशा वेळी ज्यांना मालमत्ता मिळायची आहे त्यांनी मृत्युपत्र जोडून व्यवस्था पाहण्याच्या अधिकारपत्रासाठी, म्हणजे ‘लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’साठी अर्ज करायचा. रीत जवळजवळ तीच. फरक एवढाच की लेटर्स घेणाऱ्याला कोर्टात बाँड, म्हणजे हमीपत्र, लिहून द्यावा लागतो.

तुम्हाला ते लागणार आहे का

इथे कायदा नुकताच बदलला आहे आणि जुनी माहिती अजून सर्रास सांगितली जाते. पूर्वी मुंबई, चेन्नई आणि कोलकाता या शहरांच्या हद्दीत केलेलं मृत्युपत्र असेल, किंवा त्या हद्दीतल्या स्थावर मालमत्तेबद्दल असेल, तर हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी कुटुंबांना प्रोबेटशिवाय कोर्टात त्या मृत्युपत्रावरून हक्क शाबीत करता येत नसे. ही सक्ती कलम 213 मध्ये होती. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने ते कलमच वगळलं. म्हणून आज दादरचा फ्लॅट असो की साताऱ्याचा वाडा, निव्वळ पत्त्यामुळे प्रोबेट सक्तीचं होत नाही.

सक्ती गेली, प्रोबेट गेलं नाही. बाकीची कलमं जागेवर आहेत, अर्ज आजही करता येतो आणि काही घरांनी तो करावाच असं माझं ठाम मत आहे. ज्या मृत्युपत्रात एखाद्या मुलाला किंवा मुलीला वगळलं आहे, जे आजारपणात अंथरुणावर केलं आहे, ज्यावरची सही थरथरती आहे, किंवा ज्याला सगळं मिळालं त्यानेच वकील आणला आणि साक्षीदारही जमवले, अशा मृत्युपत्रावर आज ना उद्या बोट ठेवलं जाणार. साक्षीदार हयात आहेत, सगळ्यांना आठवतंय, तोवर कोर्टाचा शिक्का घेऊन ठेवलेला बरा. दुसरं कारण व्यवहाराचं. पुढे घर विकायला काढलं की घेणाऱ्याचा वकील किंवा त्याला कर्ज देणारी बँक मालकीची साखळी तपासते, आणि ‘रजिस्टर न केलेलं मृत्युपत्र, प्रोबेट नाही’ हे वाचून पाऊल मागे घेते. प्रोबेट मिळालं की मृत्युपत्र खरं आहे हा निर्णय फक्त घरच्यांवर नाही, सगळ्यांवरच बंधनकारक असतो.

याउलट एकच वारस आहे, रकमा लहान आहेत, कुणाचं काही म्हणणं नाही, अशा ठिकाणी प्रोबेटच्या वाटेला जायची गरज बहुधा पडत नाही. बँकेतल्या पैशांसाठी तर मुळीच घाई करू नका. रिझर्व्ह बँकेने 2025 साली काढलेल्या निर्देशांप्रमाणे खात्याला नॉमिनी असेल तर बँकेने प्रोबेट किंवा सक्सेशन सर्टिफिकेटचा (वारसांना पैसे, शेअर्स घेता यावेत म्हणून कोर्ट देतं तो दाखला) आग्रह धरायचा नाही. नॉमिनी नसला तरी सहकारी बँकेत 5 लाख आणि इतर बँकांत 15 लाख रुपयांपर्यंतचे दावे, वाद नसल्यास, साध्या कागदपत्रांवर निकाली काढायचे आहेत. कागद पूर्ण झाल्यापासून त्यासाठी 15 दिवसांची मुदत आहे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

हा गैरसमज इतका पक्का आहे की त्यावर थोडं थांबायलाच हवं. सोसायटीच्या फॉर्मवर, बँकेत, डीमॅट खात्यात ज्याचं नाव नॉमिनी म्हणून लावलं त्याला ते सगळं मिळालं, असं लोक धरून चालतात. नॉमिनी पैसे किंवा शेअर्स हातात घेतो ते खऱ्या हक्कदारांच्या वतीने. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायटीत तर नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणूनच घेतलं जातं. कायमचा सभासद वारसदाखल्याने, मृत्युपत्राने किंवा कुटुंबातल्या रीतसर व्यवस्थेने ठरतो. विम्याचं प्रकरण मात्र वेगळं पाहावं, कारण आई-वडील, नवरा-बायको आणि मुलं नॉमिनी असतील तर त्यांच्यासाठी विमा कायद्यात 2015 साली स्वतंत्र तरतूद झाली.

याचा अर्थ असा, की मृत्युपत्रात फ्लॅट मुलीला दिला आहे आणि सोसायटीत नॉमिनी मुलगा आहे, तर मुलाने सोसायटीच्या पत्राकडे बोट दाखवून भागत नाही.

मृत्युपत्र नसेल तर

मग प्रोबेटचा प्रश्नच नाही. बँकेतल्या मोठ्या रकमा, शेअर्स, येणं असलेली कर्जं यांच्यासाठी दिवाणी न्यायालयातून सक्सेशन सर्टिफिकेट काढतात. स्थावर मालमत्तेसाठी ते चालत नाही. वारस कोण हे दाखवायला महाराष्ट्रात 1827 च्या जुन्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालयाचा वारसदाखला मिळतो. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. आईचं नाव हमखास विसरलं जातं.

आधी मृत्यूचा दाखला आणि मूळ मृत्युपत्र

मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. दाखल्याच्या भरपूर प्रती एकदमच घ्या. नाव, आडनाव, पत्ता आधार आणि पॅनशी जुळतोय का ते खिडकीवरच पाहून घ्या. चूक त्याच दिवशी सांगितलेली बरी.

मृत्युपत्र घरात सापडत नसेल तर लॉकर, कुटुंबाचे वकील, सीए आणि दुय्यम निबंधक कार्यालय या चार ठिकाणी चौकशी करा. काहीजण मृत्युपत्र रजिस्टर करतात; काहीजण लखोट्यात सीलबंद करून निबंधकाकडे ठेवतात. मृत्यूचा पुरावा दिल्यावर तो लखोटा अर्जदारासमोर उघडला जातो आणि त्याची नक्कल मिळते. रजिस्टर नसलेलं, साध्या कागदावर हाताने लिहिलेलं मृत्युपत्रही कायद्याने चालतं. सही आणि दोन साक्षीदार एवढं हवंच हवं.

मूळ मृत्युपत्र मिळालं की त्याला हात लावताना जपा. टाचणी किंवा स्टेपल काढून झेरॉक्स मारू नका. पानं सुटी करून पुन्हा टाचली की कोपऱ्यात दुसरी भोकं दिसतात, आणि मधलं पान बदललं का, असा प्रश्न समोरचा वकील विचारणारच. त्यावर पेनाने खूण करू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. ज्या पाकिटात सापडलं ते पाकीटही जपून ठेवा. झेरॉक्सऐवजी मोबाइलवर प्रत्येक पानाचा, मागच्या बाजूसकट, फोटो काढा, आणि तो सगळ्या भावंडांना त्याच दिवशी पाठवा. मृत्युपत्र कुणापासून लपवलं नव्हतं हे दाखवायला यापेक्षा सोपा उपाय नाही.

साक्षीदार गाठा

कायद्याला दोन साक्षीदार लागतात, पण कोर्टात त्यांच्यापैकी एकाचं शपथपत्र बहुधा पुरतं. ‘करणाऱ्याने आमच्यासमोर सही केली, आम्ही दोघांनी त्याच्यासमोर केली, तो शुद्धीवर होता’ एवढंच त्याला खरंखुरं सांगायचं असतं. मृत्युपत्र पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं असेल तर हे साक्षीदार म्हणजे शेजारचे निवृत्त गृहस्थ, घरचे डॉक्टर, ऑफिसातले मित्र. ते आता ऐंशीच्या घरात असतील, मुलाकडे दुसऱ्या शहरात असतील. वकील ठरवण्याआधी त्यांना फोन करा. प्रकृती नाजूक असेल तर शपथपत्राचं काम सगळ्यात आधी उरका.

दोघंही हयात नसतील तर निदान एका साक्षीदाराची आणि मृत्युपत्र करणाऱ्याची सही ओळखणाऱ्या माणसाचं शपथपत्र द्यावं लागतं. साक्षीदाराचा मुलगा किंवा जुना सहकारी हे करू शकतो. त्यासाठी जुनी पत्रं, चेक, नोकरीतले कागद उपयोगी पडतात.

मालमत्ता आणि देण्यांची यादी

अर्जाला एक परिशिष्ट मालमत्तेचं आणि एक देण्यांचं लागतं. यादी ढोबळ नको. ‘ठाण्याचा फ्लॅट’ असं न लिहिता फ्लॅटचा क्रमांक, इमारत, सोसायटीचं पूर्ण नाव, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक, करारनाम्याची तारीख आणि सध्याचा बाजारभाव लिहा. शेतजमीन असेल तर गट क्रमांक आणि ताजा सातबारा जोडा. गावठाणातल्या किंवा शहरातल्या घराला प्रॉपर्टी कार्ड. बँक पासबुकं, मुदतठेवी, पोस्टातली खाती, डीमॅट स्टेटमेंट, लॉकर, दागिने, गाडी, कुणाला दिलेले उसने पैसे. गेलेल्या माणसाच्या मेलबॉक्समध्ये आणि आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात डोकावलं तर विसरलेल्या ठेवी आणि डिव्हिडंड बाहेर येतात.

कोर्टाचं शुल्क या यादीतल्या किमतीवर आणि राज्याच्या कोर्ट फी कायद्यावर ठरतं. म्हणून काहींना किंमत कमी दाखवण्याचा मोह होतो. तो टाळा. यादी शपथेवर दिलेली असते, आणि विक्रीच्या वेळी खरा आकडा समोर आला की तुटीची फी आणि खुलासे दोन्ही मागे लागतात. वारसाकर मात्र भरावा लागत नाही. आपल्याकडचा इस्टेट ड्युटीचा कर 1985 सालीच रद्द झाला.

सगळ्या वारसांना कळवा

माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतलं हे सर्वांत महत्त्वाचं काम आहे. मृत्युपत्रात ज्यांना काहीच मिळालेलं नाही, त्यांचीही नावं आणि पत्ते अर्जात द्यावे लागतात, कारण मृत्युपत्र नसतं तर त्यांना वाटा मिळाला असता. ‘तिला काही दिलंच नाही, मग तिला कशाला सांगायचं?’ हा विचार सगळ्यात महाग पडतो. वारस लपवून घेतलेलं प्रोबेट पुढे रद्द होऊ शकतं.

वारसांनी संमतीचं शपथपत्र दिलं तर काम महिन्यांवर येतं. ज्यांची संमती नाही त्यांच्यावर कोर्टाची सायटेशन, म्हणजे ‘हरकत असेल तर या’ अशी नोटीस, बजावली जाते; ती परत आली, पत्ता चुकला, माणूस परदेशी निघाला की तारखा पडत जातात. परदेशातल्या भावंडांना तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा तिथला सरकारी शिक्का) करून सही करता येते. त्यांना मसुदा आधीच पाठवा, वाचायला वेळ द्या, आणि सही मागण्याआधी मृत्युपत्राची पूर्ण प्रत द्या. संमती म्हणजे हक्क सोडल्याची चिठ्ठी नव्हे, मृत्युपत्र खरं असल्याला आपली हरकत नाही एवढंच ते म्हणणं असतं. हे फोनवर शांतपणे समजावून सांगितलं तर दुखावलेली माणसंही बहुधा सही करतात.

अर्ज कुठे, कसा

मुंबई शहरातल्या प्रकरणांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचा टेस्टामेंटरी, म्हणजे मृत्युपत्रांची प्रकरणं पाहणारा, विभाग आहे. इतरत्र, मृत व्यक्तीचा कायमचा पत्ता किंवा मालमत्ता ज्या जिल्ह्यात होती तिथल्या जिल्हा न्यायालयात अर्ज करतात. इतर राज्यांतही मालमत्ता असेल तर उच्च न्यायालयाचा विचार करा: त्याच्या प्रोबेटला देशभर मान्यता असते, जिल्हा न्यायालयाच्या प्रोबेटचा अंमल साधारणपणे राज्यापुरता.

मृत्यूनंतर सात पूर्ण दिवस होईपर्यंत प्रोबेट देता येत नाही. लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशनसाठी हीच मुदत चौदा दिवसांची आहे. दुसऱ्या टोकाला तीन वर्षांची मुदत धरून चाला. त्यानंतर गेलात तर उशीर का झाला हे पटवून द्यावं लागतं.

अर्जात मृत्यूची तारीख, हे शेवटचं मृत्युपत्र असल्याचं आणि ते रीतसर झाल्याचं कथन, वारसांची यादी, मालमत्तेचा अंदाज आणि तुम्ही एक्झिक्युटर आहात हे सगळं येतं. सोबत साक्षीदाराचं शपथपत्र, मृत्यूचा दाखला, संमतीपत्रं. मूळ मृत्युपत्र कोर्टात जमा होतं आणि तिथेच राहतं, म्हणून जमा करताना पोच घ्या. मग कार्यालय कागद तपासून त्रुटी काढतं. यातल्या बहुतेक त्रुटी नावातल्या फरकाच्या असतात: मृत्युपत्रात ‘बाळासाहेब’, आधारवर दुसरंच नाव. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं शपथपत्र तयार ठेवलं तर फेऱ्या वाचतात.

कुणी विरोध केला तर

हरकत घेणारा कॅव्हेट, म्हणजे हरकतीची नोंद, दाखल करतो आणि आपलं म्हणणं शपथपत्रावर मांडतो. मग साधा अर्ज दाव्यात बदलतो, साक्षी आणि उलटतपासणी होते. मृत्युपत्र खरं आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी ते पुढे आणणाऱ्यावर असते, आणि संशयाच्या जागा असतील तर त्या त्यालाच दूर कराव्या लागतात. डॉक्टरांचे त्या काळातले कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, त्याच सुमारास बँकेत स्वतः जाऊन केलेले व्यवहार हे इथे मोलाचे. विरोध आला म्हणून तडजोडीचं दार बंद होत नाही. न्यायालयंही घरगुती वाद मध्यस्थीकडे पाठवतात, आणि भावंडांच्या भांडणात तो रस्ता आधी चाचपून पाहावा असंच मी सांगेन.

प्रोबेट हातात आल्यावर

लगेच वाटणी करू नका, आधी देणी. कायद्याने क्रम ठरवून दिला आहे: अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणाचा वाजवी खर्च, मग प्रोबेटचा खर्च, मग मृत्यूच्या आधीच्या तीन महिन्यांत घरकामाला किंवा कामावर असलेल्या माणसांची मजुरी, मग बाकीची कर्जं. हे सगळं फिटल्यावरच मृत्युपत्राप्रमाणे वाटप. वाटप करण्यासाठी एक्झिक्युटरला मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत कुणी भाग पाडू शकत नाही, हेही घाई करणाऱ्या नातेवाइकांना सांगता येतं. कर्जवसुलीवाले फोन करून घाबरवत असतील तर लक्षात ठेवा, जी इस्टेट हातात आली तिच्यापुरतीच जबाबदारी असते. तुम्ही जामीन किंवा सहकर्जदार नसाल तर तुमच्या पगाराला हात लागत नाही.

एक्झिक्युटरने प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची पूर्ण यादी आणि एका वर्षात जमाखर्चाचा हिशेब कोर्टात द्यायचा असतो. त्यासाठी पहिल्या दिवसापासून वेगळं बँक खातं आणि एक वही ठेवा. घरखर्चात हे पैसे मिसळू देऊ नका.

मग एकेक दार. सोसायटीला प्रोबेटची प्रमाणित प्रत देऊन शेअर सर्टिफिकेटवर नाव. शेतजमिनीसाठी तलाठ्याकडे किंवा सरकारच्या ई-हक्क पोर्टलवर नोंदीचा अर्ज. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. नगर भूमापन कार्यालयात प्रॉपर्टी कार्डावर फेरफार. महापालिकेची घरपट्टी आणि वीजबिल ही नावं सगळ्यात शेवटी बदलली तरी चालतात. आयकराच्या पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचं विवरणपत्र भरा. परतावा येणं बाकी असेल तर तो ज्या बँक खात्यात यायचा आहे ते खातं तो जमा होईपर्यंत बंद करू नका.

प्रत्येक वारसाला त्याचा वाटा देताना सहीनिशी पावती घ्या, अगदी सख्ख्या बहिणीकडूनही, आणि त्या पावत्या प्रोबेटच्या मूळ प्रतीसोबत एकाच फाइलमध्ये लावा.